सीझनच्या भरवशावर मुलाचे करिअर?

प्रश्न : आम्ही मांद्र्याचे. यजमान गेली बरीच वर्षे किनाऱ्यावर शॅक (बांबू-झावळांचे हंगामी हॉटेल) चालवतात, घरामागे भाड्याच्या चार खोल्या आहेत. मुलगा यंदा बारावी कॉमर्स झाला. ‘कॉलेजात तीन वर्षे घालवून काय मिळणार, मी शॅकच बघतो,’ म्हणतो. गेल्या दोन सीझनना हाती फारसे उरले नाही, त्यामुळे त्याने सरकारी नोकरी धरावी असे यजमानांचे मत. मुलाला रेन्ट-अ-बाईकसाठी, म्हणजे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दुचाकींसाठी, कर्जही काढायचे आहे. काय करावे?
— एक आई, पेडणे तालुका

ताई,

‘गोव्यात टुरिस्टच नाही’ हे हल्ली पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही ऐकू येते. सरकारी आकडे मात्र 2019 मध्ये साधारण 80 लाख आणि 2024 मध्ये 1 कोटी 4 लाख पर्यटक आल्याचे सांगतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. परदेशी पाहुणे याच काळात सुमारे 9 लाख 37 हजारांवरून 4 लाख 67 हजारांवर उतरले, आणि शॅकचा धंदा उभा होता तो त्यांच्याच जिवावर.

चार्टर विमानाने आलेला रशियन किंवा ब्रिटिश पाहुणा पंधरा-पंधरा दिवस राहायचा. सकाळी सनबेड धरला की नाश्ता, बिअर, जेवण सगळे तिथेच. उठायचा तो सूर्य बुडाल्यावर. मोरजी-आश्वेला तर पाट्या आणि मेनूकार्डेही रशियनमध्ये असायची. 2014 मध्ये रुबल कोसळला, 2019 च्या सप्टेंबरात थॉमस कूक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी बुडाली, मग कोविड आला, पाठोपाठ युक्रेनचे युद्ध. आता येतो तो पुण्या-हैदराबादचा पाहुणा. शुक्रवारी रात्री उतरतो, रविवारी परततो, आणि तीन वेळचे जेवण तीन ठिकाणी जेवतो. हॉटेलवाल्याला, गाडीवाल्याला तो चालतो. शॅकवाल्याची मात्र शनिवारी माणसे अपुरी पडतात आणि मंगळवारी त्याच माणसांचा पगार अंगावर येतो. ऑक्टोबर ते मार्च असा सलग सीझन राहिलेला नाही. दिवाळी, नाताळ-न्यू इयर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या एवढेच काय ते हातात.

मुलगा शॅकला घरचा धंदा समजतो आहे, तिथे त्याला थांबवा. घर तुमचे आहे, खोल्या तुमच्या आहेत. शॅकची जागा सरकारची. ती पर्यटन खात्याच्या धोरणानुसार ड्रॉ काढून ठरावीक मुदतीसाठी मिळते. 2023-26 च्या धोरणात अनुभवी चालकांसाठी 90 टक्के आणि नवख्यांसाठी फक्त 10 टक्के शॅक ठेवले होते. धोरण बदलले की नियम बदलतात. शिवाय ड्रॉ, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वीजजोडणी हे सगळे होईपर्यंत सुरुवातीचे दिवस जातातच, आणि मे संपला की बांबू-झावळांसकट सगळे उतरवावे लागते. वडिलांच्या नावावरच्या परवान्यावर नुकत्याच बारावी झालेल्या मुलाचे आयुष्य बेतू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून त्याला उपदेश करू नका, हिशेब करायला बसवा. कॉमर्सचा मुलगा आहे, जमेल त्याला. मागच्या दोन सीझनची वही काढून शॅक आणि खोल्या यांचा जमाखर्च महिन्यागणिक वेगळा मांडू दे. परवाना फी, उभारणी, कामगारांना दिलेली उचल आणि नवऱ्या-बायकोने फुकट केलेले कामही त्यात धरायचे. तुमचे स्वयंपाकघरातले तास कुणी मोजत नाही, म्हणूनच बऱ्याच शॅकवाल्यांना नफा दिसतो! माझा अंदाज, चार खोल्या शॅकपेक्षा बऱ्या निघतील. त्या पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदवलेल्या नसतील तर ते काम आधी उरका.

शिक्षण सोडू नये. पर्वरीच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटमध्ये (आयएचएम) हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षांची पदवी आहे. तिथला प्रवेश एनसीएचएम जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो, त्यामुळे यंदाची तारीख गेली असल्यास साध्या बीकॉमला नाव घालून पुढच्या वर्षी परीक्षा देता येईल. राय येथेही हॉस्पिटॅलिटीचे कॉलेज आहे. किचन आवडत नसेल तरी हरकत नाही. मोठ्या हॉटेलांत आता खोलीचा दर रोज बदलतो. कुठल्या तारखेला किती दर लावायचा, बुकिंग साइटवर किती खोल्या सोडायच्या हे ठरवणारा स्वतंत्र विभाग असतो. आकड्यांची सवय असलेल्या मुलाला तिथे चांगली संधी आहे, आणि लग्ने, कॉन्फरन्स यांमुळे ही हॉटेले पावसातही चालतात. पाण्याची ओढ असेल तर करंजाळेच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक, पॉवरबोट यांचे छोटे अभ्यासक्रम चालतात; पण जलक्रीडाही पावसाळ्यात बंदच. सीझनला शनिवार-रविवार त्याने शॅकवर जरूर उभे राहावे. गिऱ्हाईक कसे सांभाळायचे हे कॉलेज शिकवत नाही.

यजमानांना सांगा, मुलाने सरकारी नोकरीचा अर्ज भरावा, अभ्यासही करावा. पण पदवी घेता घेता. नुसते जाहिरातीची वाट पाहत घरी बसलेले पंचविशीचे मुलगे तुमच्या वाड्यावरही असतील.

राहता राहिले बाईकचे कर्ज. यंदा नको. हप्ता बारा महिने जातो आणि भाडे जेमतेम सात-आठ महिने येते. त्यात आपल्या खारट हवेत पावसाळाभर उभ्या गाडीची चेन, ब्रेक, सायलेन्सर गंजतात, आणि सप्टेंबरात दुरुस्तीला पुन्हा पैसे लागतात. इतके करूनही त्याचा हट्ट असेल, तर बँकेत जाण्याआधी वाहतूक खात्यात जाऊन काळ्या पाटीचे (भाड्याच्या गाड्यांचे) नवे परवाने सध्या देतात का, ते त्याने स्वतः विचारून यावे. घरची स्कूटर खासगी पाटीवर पाहुण्याला देऊन ‘बघू या चालते का’ हा प्रयोगही करू नका. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील आणि भरपाई तुमच्या घरावर येईल.