वाचक विचारतात : एकाच बेटाला दोन नावे कशी?

प्रश्न : आठवीच्या मुलांकडून अंटार्क्टिकाचा नकाशा करून घेते आहे. एका पुस्तकात 'किंग जॉर्ज बेट', दुसऱ्यात त्याच जागी 'इस्ला 25 दे मायो'. तिथले किनारे शोधले कसे आणि नावे ठरवतो कोण?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही नावे बरोबर आहेत; पहिले ब्रिटिश, दुसरे अर्जेंटिनाचे. 1959 च्या अंटार्क्टिक कराराने मालकीचे दावे गोठवले, त्यामुळे नावाबाबत शेवटचा शब्द कुणाचाच नाही. देशोदेशींच्या समित्या नावे ठरवतात. 'स्कार' ही आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती ती एका सूचीत आणते, पण निवाडा करत नाही.

शोधाचे म्हणाल, तर तिथे नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. 1928 मध्ये ऑस्ट्रेलियन शोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांना विमानातून अंटार्क्टिक द्वीपकल्प म्हणजे बेटांची रांग वाटली. हिमनद्यांना त्यांनी सामुद्रधुन्या समजले, एकीला 'केसी चॅनल' नावही दिले. जमीन सलग आहे हे 1934-37 च्या ब्रिटिश मोहिमेने सिद्ध केले. तरंगता हिमस्तर आणि जमिनीवरचा बर्फ वरून सारखेच पांढरे दिसतात, म्हणून अशी गफलत होते. फोटो ढीगभर असले तरी भागत नाही. अमेरिकेच्या 1946-47 च्या 'हायजंप' मोहिमेने सुमारे 70 हजार फोटो काढले, पण जमिनीवर अक्षांश-रेखांश मोजलेले नियंत्रण-बिंदू नसल्याने त्यातले बरेचसे नकाशाला निरुपयोगी ठरले. ते बिंदू मोजायला पुढच्याच हंगामात दुसरी मोहीम पाठवावी लागली.

बर्फ हटल्यावर नवे किनारेही उघडे पडतात, उजनीचे पाणी उतरल्यावर पळसदेवचे मंदिर दिसते तसे. अंटार्क्टिकाच्या पाइन आयलंड उपसागरातले ग्रॅनाइटचे 'सिफ' बेट 2020 मध्ये असेच सापडले. उलटही घडते : 2021 मध्ये ग्रीनलंडच्या उत्तरेला मिळालेले 'बेट' नंतर माती-दगडांनी झाकलेला हिमनग निघाला.

नावाच्या प्रस्तावात जागेचे अक्षांश-रेखांश, वर्णन, नकाशा किंवा फोटो आणि नावामागचे कारण द्यावे लागते. आधीचे नाव आहे का, हे सूचीत पाहणे सर्वांत महत्त्वाचे. दुहेरी नावांचा घोळ बहुधा तिथेच होतो. अमेरिकी नियमांत देणगीतून जाहिरातीचा फायदा उठवू पाहणारे देणगीदार, उत्पादने आणि स्लेज ओढणारे कुत्रे यांची नावे बसत नाहीत. (पैसे भरून नाव मिळत नाही, हे मुलांना जरूर सांगा.)

मुलांच्या नकाशात नावाशेजारी ते कोणत्या देशाचे, हे लिहा आणि जागा अक्षांश-रेखांशावरूनच लावा. आयताकृती जगाचा नकाशा मात्र घेऊ नका; त्यात रेखांशाचे सगळे अंश सारख्याच रुंदीचे दिसतात. प्रत्यक्षात सोलापूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 106 किलोमीटर, किंग जॉर्ज बेटापाशी जेमतेम 52. दक्षिण ध्रुव मध्यभागी असलेला गोल नकाशा वापरा.