वळण, रेल आणि रेटिंग : वाचकांचे प्रश्न

घोड्यांच्या रेसच्या हँडिकॅपबद्दल, म्हणजे रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा आकडा) पाहून त्याच्यावर किती वजन द्यायचे ते ठरवण्याबद्दल, गोव्यातून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या रेस मोबाइलवर पाहून मी घोड्यांचे रेटिंग स्वतः काढतो. गेल्या वेळी चार लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरलेला घोडा पुढच्या रेसमध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला मागे टाकतो. वजनात फारसा फरक नसतो. हिशेब कुठे चुकतो? — एक वाचक, फोंडा

तुम्ही निकालातले अंतर धरता, पण घोडा प्रत्यक्षात किती धावला ते धरत नाही. वळण अर्धवर्तुळाचे असेल, तर आतल्या रेलपासून (ट्रॅकच्या कडेच्या कठड्यापासून) दर एक मीटर बाहेर धावणाऱ्या घोड्याला ३.१४ मीटर जास्त धावावे लागते. वळण मोठे असो की लहान, हा आकडा बदलत नाही. रेलला चिकटलेल्या घोड्याच्या बाहेर दोन घोडे सोडून तिसरा धावत असेल, तर तो साधारण अडीच ते तीन मीटर बाहेर असतो. म्हणजे आठ-नऊ मीटर जादा. एक लेंग्थ सुमारे २.४ मीटरची, म्हणजे साडेतीन लेंग्थ तिथेच गेल्या. महालक्ष्मीची फेरी सुमारे २४०० मीटरची आहे. त्यामुळे इंडियन डर्बीसारख्या २४०० मीटरच्या रेसमध्ये दोन्ही वळणे येतात आणि दोन्हीकडे बाहेर राहिलेल्या घोड्याचे नुकसान दुप्पट होते.

आता हे वजनात बदला. रूढ हिशेबाने एका लेंग्थला १००० मीटरवर सुमारे १.४ किलो, १६०० वर ०.९ किलो आणि २४०० वर ०.७ किलो धरतात. आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. म्हणून १६०० मीटरवर साडेतीन लेंग्थचे सहा गुण होतात. पण भरपाई म्हणून सहाच्या सहा देऊ नका, तीन किंवा चार द्या. बाहेरच्या घोड्याला निदान मोकळी वाट मिळालेली असते. आतल्याला पुढे घोड्यांची भिंत लागून जॉकीने लगाम ओढला असेल, तर त्याचेही नुकसान झालेले असते आणि ते मीटरमध्ये मोजता येत नाही. शिवाय वळणावर वेग मंद असेल, तर जादा मीटर तेवढे जाचत नाहीत.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या टप्प्यात. वळण संपल्यावर सरळ पट्ट्यात घोडा बाहेर आला की “लांबून धावला बिचारा” असे म्हणतात. ४०० मीटरच्या सरळ पट्ट्यात घोडा तिरपा दहा मीटर बाहेर सरकला, तरी जादा अंतर जेमतेम १२ सेंटिमीटर भरते. त्यासाठी एकही गुण देऊ नये.

ड्रॉला किती महत्त्व द्यावे? — एक वाचिका, म्हापसा

आधी रेसकार्डवरचे (रेसमधल्या घोड्यांच्या छापील यादीवरचे) दोन आकडे वेगळे ओळखा. घोड्याचा क्रमांक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतो, तर ड्रॉ म्हणजे स्टार्टिंग गेटमधली जागा. १ म्हणजे आतल्या रेलजवळची. मग गेटपासून पहिल्या वळणापर्यंत किती अंतर आहे ते पाहा. ते ३०० मीटरपेक्षा कमी असेल आणि बारा-चौदा घोडे असतील, तर बाहेरच्या ड्रॉच्या जॉकीसमोर दोनच वाटा उरतात : सुरुवातीलाच ताकद खर्चून आत घुसायचे किंवा मागे राहायचे. ५०० मीटर मोकळे मिळाले तर सगळे आपापल्या जागी बसतात. आठांपेक्षा कमी घोडे असतील तर ड्रॉवर फार वेळ घालवू नका.

इंग्लंडमधले चेस्टर रेसकोर्स हे याचे टोकाचे उदाहरण. फेरी सुमारे १.७ किलोमीटरची, जवळजवळ सतत वळणारी आणि शेवटची सरळ पट्टी अडीचशे मीटरपेक्षाही लहान. कमी अंतराच्या रेसमध्ये आतल्या ड्रॉचा फायदा तिथे सर्वज्ञात आहे. म्हणून तिथल्या बाहेरच्या ड्रॉच्या घोड्याचा निकाल इंग्लंडमधल्याच न्यूमार्केटच्या सरळ ट्रॅकवरच्या निकालाशेजारी जसाच्या तसा मांडू नये.

गोव्यात रेसकोर्स नाही. न पाहिलेला ट्रॅक समजून घ्यायचा कसा? — एक वाचक, डिचोली

उपग्रह नकाशा उघडा आणि अंतर मोजायचे साधन घ्या. वळण सुटते तिथपासून विनिंग पोस्टपर्यंतची (रेस संपते त्या खांबापर्यंतची) लांबी मोजा. मग वळणाच्या दोन टोकांमधली रुंदी मोजून निम्मी करा; ती त्रिज्या. शेवटी प्रत्येक अंतराच्या स्टार्टपासून पहिल्या वळणापर्यंतचे अंतर मोजा. ही तीन मापे वहीत लिहून ठेवली की अर्धे काम झाले.

त्रिज्येला महत्त्व का, तेही पाहा. घोडा सेकंदाला १६ मीटरने धावतो. १५० मीटर त्रिज्येच्या वळणावर बाहेर फेकणारे बल पूर्ण पेलायचे, तर जमिनीला सुमारे १० अंशांचा उतार लागेल; १०० मीटर त्रिज्येला जवळजवळ १५ अंश. प्रत्यक्षात उतार याहून कमी असतो. उरलेले घोड्याच्या पायांना सोसावे लागते, म्हणून लांब ढांगेचा, अवजड घोडा तीव्र वळणावर बाहेर वाहत जातो. महालक्ष्मीला घोडे घड्याळाच्या दिशेने धावतात. वळणावर उजवा पाय पुढे आणि सरळ पट्ट्यात आल्यावर डावा, असा बदल चांगला घोडा आपणहून करतो. जो करत नाही, तो शेवटच्या २०० मीटरमध्ये अवघडतो. रीप्ले हळू करून हे पाहता येते, नक्की पाहा.

चवथीच्या दिवसांत पुण्याच्या रेस पाहतो. त्याच घोड्याची वेळ दर आठवड्याला इतकी का बदलते? — एक वाचक, मडगाव

पुण्याचा मोसम पावसाळ्यातला. पेनेट्रोमीटरचा (जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या साधनाचा) आकडा जितका जास्त, तितकी जमीन मऊ आणि वेळ जास्त. हे बहुतेक जण पाहतात. फॉल्स रेलची ओळ मात्र वाचायची राहून जाते. गवत वाचवण्यासाठी आतली रेल बाहेर सरकवतात. ती पूर्ण वळणावर ९ मीटर सरकवली आणि स्टार्ट त्या मानाने पुढे घेतला नाही, तर रेलला चिकटलेल्या घोड्यालाही २८ मीटर जास्त पडतात, म्हणजे पावणेदोन सेकंद. म्हणून दोन वेगळ्या दिवसांच्या वेळा थेट ताडून पाहू नका. त्याच दिवशीच्या, त्याच अंतराच्या रेसशी तुलना करा. रेल परत मूळ जागी आणली की तिच्याखाली जपलेले गवत ताजे असते आणि आतला पट्टा काही काळ वेगवान राहू शकतो. उलट पावसात आतला भाग उकरला गेला, तर जॉकी मुद्दाम मधोमध येतात.

हे सगळे अधिकृत हँडिकॅपर (रेटिंग ठरवणारा अधिकारी) धरत नाही का? — एक वाचक, वास्को

तोही रेस पाहतोच, पण रेटिंगचा पाया प्रत्यक्ष निकाल हाच राहतो. वळणावर तीन घोडे बाहेर राहून हरलेल्याचे रेटिंग उतरते किंवा निदान चढत नाही; तुम्ही राखलेले तीन-चार गुण तिथेच कामाला येतात. मात्र पुढच्या रेसमध्ये अंतर तेच, पहिले वळण तेवढेच जवळ आणि ड्रॉ पुन्हा बाहेरचा असेल, तर ते गुण त्या दिवशी धरू नका. घोडा सुटताना दरवेळी मागे राहत असेल, तर त्याला बाहेरून जावे लागते ते त्याच्या सवयीमुळे. तिथे भरपाई द्यायचीच नाही.