जळालेल्या घराचा प्लॉट विकावा का, आणि त्याच गावात वाचलेलं घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: आत्यांचं लॉस एंजलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागातलं घर जानेवारी २०२५ च्या वणव्यात पूर्ण जळालं. त्या आता भाड्याच्या घरात राहतात, वय ७२. प्लॉटसाठी रोखीच्या ऑफर येतायत, तर विकून मोकळं व्हावं का? शिवाय त्याच भागातलं, आगीतून वाचलेलं एक घर तुमच्या मनात भरलंय.

मी लॉस एंजलिसमध्ये एस्क्रोचं काम करते. व्यवहाराचे पैसे आणि कागद दोन्ही बाजूंच्या वतीने सांभाळायचे आणि सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की व्यवहार पूर्ण करायचा, असं ते काम. आम्ही कोणाच्याच बाजूचे नसतो, त्यामुळे टेबलावर सल्ला देता येत नाही. इथे देते. प्लॉटचा भाव नंतर बघा, आधी आत्यांची विमा पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. प्रत जळाली असेल तर लेखी मागा. मागणी केल्यापासून ३० दिवसांत ती देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

घर गेलं म्हणजे आता हातात फक्त जमीन उरली, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. जमीन वेगळी आणि विम्याचा दावा वेगळा. पॉलिसीत पुनर्बांधणीच्या पूर्ण खर्चाचं संरक्षण असेल, तर ते पैसे मिळवायला त्याच जागी घर बांधावं लागत नाही. दुसरीकडे तयार घर घेतलं तरी कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ते मिळतात. मर्यादा मूळ जागी बांधायला जेवढा खर्च आला असता तेवढीच, पण नव्या घराखालच्या जमिनीची किंमत म्हणून कंपनीला त्यातून काही कापता येत नाही. मुदतही बरीच आहे: आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत पहिला हप्ता मिळाल्यापासून किमान ३६ महिने. पॉलिसीत बाहेर राहण्याच्या खर्चाचं कलम असेल तर आत्यांचं भाडं किमान २४ महिने त्यातून निघायला हवं, आणि परमिट किंवा कॉन्ट्रॅक्टर न मिळाल्याने उशीर झाला तर ते वाढवून मागता येतं. त्या कलमाची रक्कम मात्र आधीच संपू शकते, म्हणून किती उरली ते आजच विचारा.

विकत घेणाऱ्यांना ही घाई चांगली कळते. आग ७ जानेवारीला लागली आणि १४ तारखेला राज्यपाल न्यूसम यांना आदेश काढावा लागला, की जळालेल्या भागांतल्या मालकांकडे न बोलावता जाऊन ६ जानेवारीच्या बाजारभावापेक्षा कमी ऑफर देणं गुन्हा ठरेल. सुरुवातीला तो तीन महिन्यांपुरताच होता. त्या काळात एक आजोबा आमच्याकडे सह्या करायला आले होते. सगळे कागद झाले आणि त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. घर विकताना चाव्या द्यायच्या असतात एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. कुलूप, दार, काहीच उरलेलं नव्हतं. विम्याचं काय ठरलं, असं मी विचारलं तर म्हणाले, ते सगळं नंतर बघू. मला तो दिवस विसरता येत नाही. त्यांनी आधी पॉलिसी पाहिली असती तर विकलंही असतं कदाचित, पण त्या भावाला नाही.

समजा आत्यांनी विकायचंच ठरवलं. कर्ज बाकी असेल तर विम्याचा चेक त्यांच्या आणि बँकेच्या नावे एकत्र येतो, आणि विक्रीच्या वेळी बँकेची बाकी आधी फेडावी लागते. हा हिशेब आधी मांडा. करारात एक वाक्य नक्की घालून घ्या: विम्याचे सर्व दावे आणि त्यांचे पैसे विक्रेत्याकडेच राहतील. प्रॉपर्टी टॅक्सही बघा. आत्यांनी घर जुन्या काळी घेतलं असेल तर प्रॉप १३ मुळे (खरेदीच्या वेळच्या किमतीवर कर धरणारा राज्याचा कायदा) तो फार कमी असणार. पूर्वीसारखंच घर पुन्हा बांधलं तर तो टिकतो. कॅलिफोर्नियातच दुसरं घर घेतलं तर प्रॉप १९ या नंतरच्या कायद्याखाली करासाठी धरलेलं जुनं मूल्य सोबत नेता येतं, पण त्याला दोन वर्षांची मुदत आहे. केंद्राच्या करासाठी सीपीएला (तिथल्या सीएला) विचारा. आपत्तीत गेलेल्या राहत्या घराला वेगळी सवलत आहे.

आता तुमच्या घराबद्दल. तिथेही विमाच आधी. मार्च २०२४ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीने कॅलिफोर्नियातल्या सुमारे ७२,००० पॉलिसींचं नूतनीकरण करणार नसल्याचं जाहीर केलं, आणि त्यात पॅलिसेड्समधल्याही होत्या. कोणतीच कंपनी विमा द्यायला तयार नसेल तर फेअर प्लॅन उरतो, म्हणजे अशा घरांसाठीची राज्यातली शेवटच्या पर्यायाची विमा योजना. त्याची निवासी मर्यादा ३० लाख डॉलर, आणि चोरी, पाणीगळती अशा गोष्टींसाठी वेगळी पॉलिसी जोडावी लागते. विमा नाही तर बँक कर्ज देत नाही. माझ्या हातातला एक व्यवहार शेवटच्या आठवड्यात मोडला, कारण विमा कंपनीने दिलेला हप्त्याचा कोट मागे घेतला. म्हणून कॉन्टिन्जन्सी (करारातून बाहेर पडू देणारी अट) काढून टाकण्याआधी लेखी बाइंडर, म्हणजे विमा दिल्याचं कंपनीचं तात्पुरतं पत्र, हातात हवा. नुसत्या ईमेलवर विसंबू नका.

वाचलेलं घर म्हणजे निर्धोक घर नव्हे. धुरासोबत आलेल्या राखेत शिसं आणि ॲस्बेस्टॉस असू शकतं, कारण आजूबाजूला जुनी घरं, गाड्या, बॅटऱ्या जळाल्या. भिंतींतली इन्सुलेशन आणि एसीचे डक्ट तपासलेत का, प्रयोगशाळेचा अहवाल आहे का, ते मागा. शेजारच्या प्लॉटचंही विचारा: लष्कराच्या अभियंता दलाने मलबा उचलताना वरची साधारण सहा इंच माती काढली, पण नंतर मातीची तपासणी त्या कामात नव्हती. घर २०१० च्या आधीचं असेल तर आगीपासून बचावासाठी काय केलंय, काय नाही, हे विक्रेत्याला लिहून द्यावं लागतं. तो कागद नीट वाचा.

समुद्राकाठचे मालिबूचे रिकामे प्लॉट तुम्ही बघत असाल तर थांबा. तिथल्या बहुतेक घरांना सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नाही, सेप्टिक टाकी आहे. वाळूवर घर बांधायचं म्हणजे नवी टाकी आणि बऱ्याचदा समुद्राला अडवणारी भिंत, आणि हा खर्च प्लॉटच्या भावात दिसत नाही.

आणि एक. तुमच्या प्रश्नात ऑफर आहेत, भाव आहे, तुम्हाला आवडलेलं घर आहे, पण आत्यांना तिथे परत राहायचंय का ते कुठेच आलं नाही. त्यांना एकदा एकट्यात विचारा. प्लॉटवर घेऊन जाऊन विचारलंत तर उत्तम.