कॅनडाच्या उत्तरेतलं डॉसन सिटी ते आर्क्टिक किनाऱ्यावरचं टुक्टोयाक्टुक, जुलैमध्ये भाड्याच्या फोर-व्हील एसयूव्हीने: किती दिवस लागतील, आणि एक स्टेपनी पुरेल का?

दिवसांचं नंतर बघू. एक स्टेपनी पुरणार नाही. त्यातून डिकीत ती बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर नसल्यातच जमा. तिच्यावर जेमतेम 80 किमी जायचं असतं. डेम्पस्टर हायवे, म्हणजे उत्तरेकडे जाणारा खडीचा रस्ता, त्याच्या फाट्यापासून ईगल प्लेन्सचा पेट्रोल पंप 369 किमीवर आहे. मध्ये ना गाव, ना रेंज. डॉसनलाच टाकी फुल्ल करा, तिथून फाटा आणखी 40 किमी.

पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या घ्या, रिमसकट. नुसता टायर नेलात तर रस्त्याकडेला तो चढवणार कशाने? टायर एलटी (हलक्या ट्रकचे), 10 प्लायचे (प्लाय म्हणजे मजबुतीचं माप). काही टप्प्यांत खडी म्हणजे पाटीच्या दगडाच्या धारदार कपच्या असतात, त्या साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाडतात. साइडवॉलला प्लग (भोक बुजवायची रबरी पट्टी) चालत नाही. प्लग फक्त रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातल्या भोकाला. वेग 70 च्या आत, वळणावर ब्रेक नको. हवा थोडी उतरवली तर चालेल, पण मग वेग आणखी कमी, नाहीतर टायर तापतो. सोबत 12 व्होल्टचा कंप्रेसर, आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी, कारण खडीत जॅक रुततो. चाक बदलल्यावर 50 किमीवर नट पुन्हा आवळा.

'फोर-व्हील हवीच' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. उन्हाळ्यात कोरड्या डेम्पस्टरवर साधी टू-व्हील ड्राइव्ह जाते, टायर धड हवेत. फोर-व्हील ड्राइव्हने पंक्चर टळत नाही. मात्र पाऊस पडला की गोष्ट वेगळी. धूळ बसवायला टाकलेल्या कॅल्शियम क्लोराइडमुळे रस्ता साबणासारखा होतो, तेव्हा तिचा उपयोग आहे, हे मान्य. तोच चिखल रिमच्या आत वाळला की स्टिअरिंग थरथरतं. लोक अलाइनमेंटला दोष देतात. धुऊन टाका, गंजही लागतो त्याने.

ट्रक समोरून आला तर वेग कमी करून बाजूला घ्या, पण अगदी कडेला नको. रस्ता गोठलेल्या जमिनीवरच्या खडीच्या भरावावर आहे, कड मऊ असते आणि खाली उतार.

दिवस: एकेरी सुमारे 915 किमी, जायला दोन, यायला दोन. पील आणि मॅकेन्झी नद्यांवर फेरीबोट आहे, फुकट; पाणी चढलं की बंद. म्हणून दोन दिवस राखीव. आणि भाड्याचा करार वाचा, बऱ्याच करारांत खडीचा रस्ता चालत नाही.