क्लास न लावता, इंटरनेटवरून फुकट कोडिंग शिकता येतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, क्लासला पंधरा-वीस हजार घालायची तयारी नाही, इंग्रजी वाचून कळतं पण कुणी भरभर बोललं की सुटतं, आणि घरी एक जुना लॅपटॉप आहे. मी जवळपास इथूनच सुरुवात केली. फरक एवढाच की मी आधी क्लासला १८ हजार भरून बसलो होतो. तिसऱ्या महिन्यात शिकवणारे सर दुसरीकडे गेले आणि आम्हाला त्यांचे जुने व्हिडिओ देऊन वाटेला लावलं. व्हिडिओच बघायचे तर निदान चांगले बघू, म्हणून मग शोधाशोध केली.

शिकता येतं. पण आधीच सांगतो, मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी वगैरे लागलेली नाही. मी अजूनही सांगलीत अकाउंट्सच बघतो. जीएसटीचं टू-बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी) आणि आपलं खरेदी रजिस्टर जुळवायला पूर्वी दोन दिवस जायचे, आता पायथन या भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रामला फाइल दिली की चहा पिऊन येईपर्यंत न जुळलेली बिलं वेगळी निघालेली असतात. एवढं मला पुरलं. तुम्हाला नोकरीच हवी असेल तर पुढचं सगळं लागू आहे, फक्त वेळ बराच जास्त धरा.

भाषा पायथन घ्या. हिशोबाच्या माणसाला तीच सगळ्यात लवकर उपयोगी पडते.

मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस-फिफ्टी या ऑनलाइन कोर्सचा. डेव्हिड मॅलन शिकवतात. मूळ कोर्स स्क्रॅच नावाच्या, ठोकळे जोडायच्या सोप्या भाषेपासून सुरू होतो आणि लगेच सी भाषेत नेऊन आपटतो. मी दुसऱ्याच आठवड्यात पळालो. त्यांचाच फक्त पायथनचा वेगळा कोर्स आहे, तो घ्या. कोर्स फुकट आणि त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलं तर प्रमाणपत्रही फुकट. एडएक्स या कोर्सच्या साइटवर पैसे मागतात ते तिथल्या वेगळ्या प्रमाणपत्राचे. बोलण्याचा वेग जास्त वाटतो, पण सबटायटल्स आहेत आणि वेग पाऊण करून ऐकलं तर काही सुटत नाही. खरी किंमत व्हिडिओची नाहीच, त्याखाली दिलेल्या गणितांची, म्हणजे सरावाच्या प्रोग्रामांची आहे. ती सोडवून पाठवली की बरोबर-चूक तिथल्या तिथे कळतं.

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, स्क्रीन इंग्रजी धड्याचीच आणि आवाज मराठीत. सी, जावा, लिनक्स असं बरंच काही आहे. पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आपलं काम. ते थांबले की आपण टाइप करायचं. आपल्या लोकांना हे फारसं माहीतच नाही याचं मला वाईट वाटतं. काही धडे जुने झालेत, तेवढं सांभाळून घ्या. एक खूण सांगतो: पायथनच्या कुठल्याही धड्यात प्रिंट या आदेशाच्या पुढे कंस नसेल तर तो पायथन दोन या जुन्या आवृत्तीचा आहे, आणि त्या आवृत्तीचा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीलाच संपला. तो धडा सोडून द्या.

वेबसाइट बनवायची असेल तर फ्रीकोडकॅम्प ही फुकट साइट. डावीकडे लिहा, उजवीकडे पान दिसतं. छान आहे, पण बोट धरून इतकं चालवतात की कोरं पान समोर आलं की हात थांबतो. एनपीटीईएल या आयआयटींच्या कोर्सच्या साइटवर माधवन मुकुंद यांचा पायथनचा कोर्स उत्तम, पण तो दुसरा म्हणून घ्या, पहिला नको. परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपये, नुसतं शिकायला काही नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यातच माझं गाडं अडलं होतं. आई कॅलेंडरच्या चौकोनात सकाळ-संध्याकाळचं दूध लिहायची. त्याचा हिशोब हा माझा पहिला स्वतःचा प्रोग्राम. सकाळचं दूध विचारलं, २ टाकलं. संध्याकाळचं विचारलं, १ टाकलं. बेरीज आली २१ लिटर दूध, एका दिवसाचं! आई म्हणाली, "एवढं दूध आलं असतं तर खवाच नसता का केला?"

पायथनने चूक दाखवली नव्हती, कारण त्याच्या लेखी चूक नव्हतीच. कीबोर्डवरून आलेलं काहीही तो मजकूर समजतो, आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. 'राम' आणि 'राव' मिळून 'रामराव', तसं २ आणि १ मिळून २१. आधी त्यांना आकडा करून घ्यावं लागतं. हे मला कुठल्या व्हिडिओने नाही, पायथन ट्यूटर नावाच्या साइटने दाखवलं. तिथे आपला प्रोग्राम चिकटवायचा आणि एकेक ओळ पुढे सरकवायची. प्रत्येक नावाच्या चौकटीत त्या क्षणी काय आहे ते दिसतं. माझ्या २ च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिसली आणि डोक्यात उजेड पडला. कोर्स कुठलाही करा, ही साइट शेजारी उघडी ठेवा.

लाल अक्षरात चुकांची रांग आली तर खालून वाचा. पायथन शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते सांगतो आणि जरा वर ओळीचा क्रमांक देतो. चॅटजीपीटीला ती ओळ देऊन 'याचा अर्थ काय' एवढं विचारा. 'दुरुस्त करून दे' म्हणालात तर ते देईल, पण उद्या तीच चूक तुम्ही परत कराल.

मोबाईलवर शिकू नका. कंस आणि अवतरणचिन्हं शोधण्यातच जीव जातो. जुना लॅपटॉप चालतो. अगदीच रडत असेल तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच पायथन चालतं, काही इन्स्टॉल करायला नको. विंडोजवर पायथनचा स्टँडअलोन इन्स्टॉलर वापरणार असाल तर पहिल्याच खिडकीत तळाशी 'पाथ'मध्ये (विंडोज जिथे प्रोग्राम शोधतं ती यादी) टाकण्याचा एक चौकोन असतो, त्यात खूण करा. मी ती केली नव्हती, आणि 'पायथन सापडत नाही' हा निरोप वाचत दोन संध्याकाळी घालवल्या.