सुरतला जाताना सापुताऱ्यात दोन रात्री काढ

अगं,

तुझा मेसेज वाचला आणि रिप्लाय टाईप करता करता एवढा लांबला की म्हटलं जाऊदे, पत्रच समज.

तू विचारलंस की सासू-सासरे आणि पिल्लूला घेऊन एका दमात सुरत होईल का. होईल की, न व्हायला काय झालं. पण मग तिकडे लग्नघरात पोचल्यावर सगळे आडवे. आणि तुझ्या सासूबाईंना गाडी लागते हे सोसायटीच्या शिर्डी ट्रिपमध्ये आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

रस्ता कसा आहे सांगते. दिंडोरी, वणी, बोरगाव, हातगड करत सापुतारा साधारण 80 किलोमीटर. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, सापुतारा 1000च्या आसपास, म्हणजे चढ आहे पण अंगावर येत नाही, शेवटी थोडी वळणं लागतात तेवढीच. खरा घाट सापुतारा सोडल्यावर. तिथून वघई पन्नासेक किलोमीटर, त्यातला पहिला टप्पा नुसता उतार आणि गरागरा वळणं. म्हणून थांबायचं ते घाटाच्या आधी, आणि उतरायचं ते झोप झालेल्या अंगाने, सकाळी, पोट फार भरलेलं नसताना. धुकं असेल तर सरळ तासभर उशिरा निघा, नवरदेव काही पळून जात नाही.

आता मुख्य मुद्दा. एक रात्र नाही, दोन रात्री. तुझा नवरा म्हणेल एक पुरे, त्याचं ऐकू नकोस.

आम्ही ही चूक केलीये. मुलं लहान होती, सासूबाई होत्या तेव्हा. संध्याकाळी उशिरा निघालो, रात्री साडेनऊला पोचलो, जेवलो, झोपलो, सकाळी आठला बॅगा परत डिकीत. सासूबाईंनी गाडी लागायची गोळी घेतलेली, त्या अर्धवट झोपेतच रूममध्ये गेल्या आणि तशाच सकाळी गाडीत बसल्या. वघईला चहाला थांबलो तर खिडकीतून बघत मला विचारतात, "सापुतारा किती राहिलं गं अजून?" सगळे हसले, मीपण हसले. नंतर त्यांना न्यायचं न्यायचं म्हणत राहूनच गेलं.

तर सोमवार-मंगळवार पकड. शनिवार-रविवारी सुरत-नवसारीची सगळी गर्दी तिथेच असते, तलावाकाठी हॉर्न आणि भोंगे, विश्रांती कसली डोंबलाची. रूम तळमजल्यावरची माग, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, आणि बाहेर बसायला ओटा किंवा व्हरांडा आहे का हे फोनवरच विचार. व्ह्यू नसला तरी चालेल पण ओटा पाहिजे, कारण मधला दिवस तिथेच जाणार आहे. मराठीत बोललीस तरी चालतं तिकडे, डांगी बोली आपल्याला बरीचशी कळते.

मधल्या दिवशी पॉइंट-पॉइंट करू नका. सनराइज पॉइंटला चढ आहे, म्हातारी माणसं खाली गाडीत बसून राहतात आणि वर गेलेले घाई करतात, दोघांचीही मजा जाते. संध्याकाळी रोपवे करा वाटलं तर, पिल्लू खूश होईल. बाकी तलावाला एक सावकाश चक्कर, बोटिंग, नाहीतर काठावर बसून त्याला खडे टाकू दे पाण्यात, आमच्या धाकट्याने दीड तास तेवढंच केलं होतं एकदा, पुढच्या वेळेला गेलो तेव्हा, आणि अजून तेच आठवतं त्याला. सासरेबुवांना शेंगा आणि पेपर दिला की त्यांची चिंता नाही. घरून थर्मास ने, पहाटेचा चहा मागवला तर येईपर्यंत सूर्य डोक्यावर. स्वेटर, कानटोपी सगळ्यांची, डिसेंबर आहे, नाशिकच्या थंडीवर फुशारकी मारू नका.

जेवण गुजराती पद्धतीचं, वरण गोड लागतं, सासूबाई दुसऱ्या जेवणाला कुरकुरतील. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा डब्यात ठेव. कुठे नागलीची भाकरी मिळाली तर सोडू नका.

आणि एक, नवऱ्याला नीट सांग. नाशिकचे आहोत म्हणून लग्नात द्यायला वाईनच्या बाटल्या डिकीत टाकायच्या नाहीत. गुजरातेत दारूबंदी आहे आणि हातगड संपलं की गुजरात सुरू. आमच्या ओळखीतल्या एकाचा अख्खा दिवस चौकीवर गेला होता.

वघईचा गिरा धबधबा लोक सांगतील, पण डिसेंबरात पाणी कमी असतं, लग्नाच्या कपड्यांसकट तिथे उतरायची गरज नाही. पावसाळ्यात वेगळे जा.

बोरगावच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीवाले बसलेले दिसतील. जाताना घेऊ नका, सुरतेपर्यंत पाणी सुटतं. येताना घ्या, वरचा थर उचलून खालची बघून घ्या, आणि दोन बॉक्स माझे.

मावशी