आजीबद्दल कोणी काहीच का बोललं नाही?

सई,

परवा एमिलीच्या आजोबांच्या शोकसभेहून येताना तू गाडीत म्हणालीस, "त्यांच्याबद्दल सगळे किती बोलले, हसलेसुद्धा. आपल्या आजीच्या तेराव्याला कोणीच काही बोललं नाही, नुसते वाढत होते. बाबा, तुला आवडायची ना ती?"

ते शेवटचं लागलं. गाडीत उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या आठवणीतली आजी रिटायर झालेली, दिवसभर कुंड्यांशी बोलणारी. माझ्या लहानपणी ती घरी कमी आणि सिव्हिलमध्ये जास्त असायची. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचंच गाव. पार कर्नाटकातून पेशंट येतात. आजीचं कन्नड 'कुठं दुखतंय' एवढ्यापुरतंच, पण तेवढं फर्डं.

नाइट संपवून आली की आंघोळ, चहा आणि लगेच दारात रांगोळी. झोप नंतर. शाळेत जाताना आमचा पाय लागला तर धपाटा ठरलेला. आणि सराव कशावर करायची? वॉर्डातल्या रद्दीत निघालेल्या टीपीआर चार्टवर. तापाचा आलेख काढायचा तो चौकटींचा कागद ठिपक्यांना आयता मिळायचा. एक मला अजून दिसतो: कुणाच्या तरी तापाची निळी रेघ १०४ पर्यंत चढून उतरलेली, आणि तिच्यावरच पंधरा ते आठ ठिपक्यांचं कमळ. तो पेशंट बरा झाला का, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

उन्हाळ्यात ती अनंताला सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगायची आणि घड्याळात बघून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायची. "सिस्टरांनी झाड ॲडमिट केलं," म्हणून गल्ली हसायची.

दहाव्याला कृष्णाघाटावर तू नव्हतीस. मुलींना नेत नाहीत म्हणे. मला हे अजिबात पटत नाही, पण त्या दिवशी वाद घालायचं त्राण नव्हतं. पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि तशी हमी द्यायची. विजूकाका हात जोडून म्हणाला, "आई, अनंत तोडत नाही. गाडी रस्त्यावर लावीन." (तो वाद तुला ठाऊकच आहे.) मी म्हणालो, तुझे रांगोळीचे कागद कॅनडाला नेतो. कावळे भिंतीवर ढिम्म. मग तिच्या वॉर्डातले एक म्हातारे वॉर्डबॉय पुढं झाले आणि म्हणाले, "सिस्टर, चार्ज घेतलाय आम्ही. जावा आता घरला."

सगळे हसले, रडतारडता. काही वेळानं शिवला.

ते ऐकून शिवला, असं काही मी म्हणणार नाही. शेजारी आणखी दोघांचे पिंड होते, कावळ्यांची पोटं भरलेली असणार. पण बोलणं झालं ते तिथं, चांगलं तासभर. फक्त लोकांकडे तोंड करून नाही, तिच्याशीच. उभं राहून चार लोकांसमोर मला ते जमलं नसतं. एमिलीच्या आईला जमलं, याचं कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही.

आणि तेराव्याचं ते वाढणं? आजीच्या दारातून कोणी उपाशी जायचं नाही, हे एक. दुसरं म्हणजे पळवाट असेल. हातात आमटीचं भांडं असलं की कोणी तुम्हाला 'कसा आहेस' विचारत नाही.

पुढच्या महिन्यात तिची तिथी आहे. मी अळूचं फदफदं करणारच. तू खा, नको खाऊस. काही बोलावंसं वाटलं तर जेवणाआधी बोल, कारण तोवर तिकडे रात्र होते आणि विजूकाका व्हिडिओ कॉलवर पेंगायला लागतो. इंग्रजीत बोललीस तरी चालेल. आजीचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं.

बाबा